तुम्ही विचारलंत म्हणून: मी नोकरी का करत नाही

"दिसायला तर चांगली धडधाकट आहेस, मग नोकरी का करत नाहीस गं?" हे वरच्या मजल्यावरच्या काकूंपासून जुन्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. दर वेळी मी तब्येतीचं काहीतरी सांगून विषय बदलते. आज नीट सांगते.

मी अनाथ, बालगृहात वाढले, ते तुम्हाला माहितीये, परत नको. अठरानंतर अनुरक्षण गृह, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांची राहायची सोय, 21 ला तिथून बाहेर, मग भाड्याची खोली. चार नोकऱ्या केल्या, सगळ्यात जास्त टिकली ती सात महिने. काम येत नव्हतं असं नाही, माझं टायपिंग चांगलं आहे. पण कोणी आवाज चढवला की मला पुढचं काही ऐकूच येत नाही, नुसती मान हलवते, मग रात्री झोप नाही, मग तीन-तीन दिवस दार लावून पडून, फोन बंद, आणि चौथ्या दिवशी कुठल्या तोंडाने जायचं म्हणून जातच नाही. नऊ वर्षं गोळ्या चालू आहेत. अनाथांना सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे ना, असंही म्हणतात लोक. आहे, 2018 पासून. मी फॉर्म भरला होता, परीक्षेच्या सकाळी अंथरुणातून उठले नाही.

आळस म्हणाल. मीही म्हणायचे. आमच्यातल्याच एकीने कॉल सेंटर सोडलं तेव्हा मी तिला सुनावलं होतं की आपल्या मागे कोणी नाही, आपल्याला रडत बसणं परवडत नाही. विशीतली मी चुकीची होते असंही ठामपणे म्हणता येत नाही, कारण खरंच परवडत नाही. पण तिला फोन करायची हिंमत अजून झालेली नाही.

आता अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं. 2016 च्या अपंगांच्या कायद्यात मानसिक आजारही अपंगत्वात धरलाय, पण ते कमीत कमी 40 टक्के भरावं लागतं. ते मोजतात कसं, तर स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टींना मार्क, वर आजार किती वर्षांचा त्याचे. आणि हे फक्त पेशंटला विचारून भरत नाहीत, घरच्या माणसालाही विचारतात. सरकारी दवाखान्यात मला पहिला प्रश्न आला, "सोबत कोण आलंय?" कोणी नाही म्हटलं तर म्हणाले, आई-वडील नाहीतर भाऊ-बहीण, कोणालाही आणा. मी फाईल दाखवली. म्हणाले, हो पण तुम्हाला ओळखणारं कोणीतरी लागेल.

दोन आठवडे विचार करून मी आमच्या मावशींना फोन केला, बालगृहातल्या. रिटायर झाल्यात, गुडघे दुखतात, तरी दोन बस बदलून आल्या, माझ्यासाठी लाडू घेऊन. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी कशी होती? मावशी एकदम खुलल्या. "फार गुणी पोरगी साहेब. साठ मुलींत हिचा कधी आवाज नाही. स्वतःचं ताट, स्वतःचे कपडे, सगळं वेळेत. कधी आजारी म्हणून पडली नाही." डॉक्टर लिहीत होते. मी मावशींच्या हाताकडे बघत बसले. त्या मनापासून माझं कौतुक करत होत्या, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी माझ्या बाजूला बसून बोलत होतं, त्यात मी कशी म्हणणार होते की मावशी, मी रात्री उशी तोंडात धरून रडायचे, तुम्हाला कळू नये म्हणूनच गप्प असायचे? गप्प मुलींना मार बसत नाही एवढं मला सहाव्या वर्षी कळलं होतं.

40 च्या खाली आलं. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "चांगलं बोलले ना गं?" मी हो म्हटलं, रिक्षात बसवून दिलं.

बोलायला हवं होतं का? रोज वेगळं उत्तर येतं. मावशींवर राग नाही असं मी सगळ्यांना सांगते, आणि कधी कधी इतका राग येतो की त्यांचा फोन उचलत नाही.

पुन्हा अर्ज करता येतो. काकू, माझं दार तीन-तीन दिवस बंद असतं हे फक्त तुम्ही बघितलंय, माझ्या दुधाच्या पिशव्या तुम्हीच तुमच्या घरी नेऊन ठेवता. तुम्ही सोबत याल का, हे विचारायला मी दोनदा वर आले होते. दोन्ही वेळा तुम्ही दार उघडलंत आणि मी विरजण मागून परत गेले.