सोवळ्याचा तवा: अलिबागेत मुलांना घेऊन कोशेर जेवताना

गेटवेहून मांडव्याची लाँच, तिकिटातच धरलेली अलिबागची बस, संध्याकाळी किनारा. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्राएल आळीतलं 1848 सालचं मागेन आबोथ सिनेगॉग, तिसऱ्या दिवशी नवगावचं जुनं कब्रस्तान आणि परतीची लाँच. रविवारी निघून मंगळवारी परत आलो की शब्बाथ (आम्हा यहुद्यांचा विश्रांतीचा शनिवार) मध्ये येत नाही. बाकी लिहायचं आहे ते सोमवारच्या दुपारच्या जेवणाबद्दल. चार आणि सात वर्षांची मुलं सोबत असली की कोशेर, म्हणजे यहुदी आहारनियम पाळून केलेला, प्रवास अडतो तो अशाच एखाद्या जेवणापाशी.

कोशेर हॉटेलची आशा धरून अलिबागेला जाऊ नये. शोखेतच्या (धर्मनियमाने जनावर कापणाऱ्याच्या) हातचं नसेल तर मटण-कोंबडी बादच. उरतात दोन वाटा, शाकाहारी थाळी किंवा मासे. 'शुद्ध शाकाहारी' पाटी दिसली की आपली बरीच मंडळी निर्धास्त होतात. निम्मं बरोबर आहे, कारण त्या स्वयंपाकघरात मांस शिरत नाही. पण भरल्या वांग्यात अळी निघते, फ्लॉवरच्या तुऱ्यांत आणि कोथिंबिरीच्या जुडीत बारीक किडे असतात, आणि किडा खाणं तोराला, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाला, निषिद्ध मांसापेक्षा कमी वर्ज्य नाही. तिथे बटाट्याची भाजी, वरण-भात आणि वाटाण्याची उसळ मागवावी, वरची कोथिंबीर नको म्हणून सांगावं.

पण समुद्रावर आलेल्या मुलांना मासा हवा असतो, आणि कोकणात तो सोडून परतणं मला तरी पटत नाही. पर आणि खवले दोन्ही असलेला मासा चालतो. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, माकूल, मुशी, शिंगाळा हे नाही. लहान मुलांसाठी रावस सर्वांत सोयीचा. खवले डोळ्यांना दिसतात, काटे मोठे आणि मोजके. बांगडा कोशेर असला तरी चार वर्षांच्या मुलाला काटे काढून देता देता आपलं ताट गार होतं. सुरमईचे खवले इतके बारीक की साफ केल्यावर काहीच दिसत नाही, म्हणून शेपटीजवळचा किंवा पराखालचा कातडीसकट तुकडा मागावा. कातडी सोललेली तुकडी घ्यायचीच नाही, मग ती कुठल्या माशाची हे सांगता येत नाही. कोळणीच्या कोयत्याखालून आधी कोळंबी गेलेली असते, म्हणून तुकड्या घरी किंवा खानावळीच्या नळाखाली चोळून धुवाव्यात.

मासा निवडणं सोपं. घात होतो तव्यावर. खानावळीत एकाच तव्यावर, एकाच तेलात सुरमई आणि कोळंबी उलटत असतात. म्हणून बिडाचा तवा आपला न्यावा. आम्ही तो अलिबागच्याच बाजारातून घेतला. नवं धातूचं भांडं वापरण्याआधी पाण्यात बुडवावं लागतं, आणि समुद्र हे त्यासाठी उत्तम पाणी. आधी चिकटपट्टी, तिचा गोंद आणि दुकानातला तेलकट थर घासून काढायचा, नाहीतर पाणी धातूला लागत नाही. मग बराखा (आशीर्वादाची प्रार्थना) म्हणून सबंध तवा एकदम पाण्याखाली. हात आधी ओला करायचा आणि बुडताना पकड सैल सोडायची. ओहोटीला पाणी कुलाबा किल्ल्याच्या दिशेने लांब मागे जातं आणि गुडघाभर पाण्यासाठी चिखलातून बरंच चालावं लागतं, म्हणून भरतीची वेळ बघून जावं. वर आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, विस्तवावर कोरडा करून लगेच तेलाचा हात फिरवावा. खाऱ्या पाण्याने बीड काही तासांत गंजतं.

तवा नेला आणि उलथणं विसरलं की सगळं वाया. खानावळीतल्या मावशी कोळंबीच्या मसाल्यातलं उलथणं सवयीने उचलतात. तीच गत रव्याच्या ताटाची. दुपारपर्यंत त्या रव्यात कोळंबीचा मसाला आणि पाणी मुरलेलं असतं, वरून बघून कळत नाही. नवा रवा, न उघडलेलं तेल, आणि मुलांसाठी फक्त हळद-मीठ-आगळ (कोकमाचा रस). चार तुकड्यांना चमचाभर आगळ पुरतं. गॅस आपण पेटवायचा, कारण शिजवण्यात आपला हात लागावा लागतो. मध्यम आचेवर अर्ध्या बोटाच्या तुकडीला एका बाजूला चार मिनिटं.

हे सगळं अनोळखी खानावळीत, भुकेलं मूल पदराला ओढत असताना समजावून सांगायचं कसं? 'कोशेर' म्हणून काही उपयोग होत नाही. 'आमच्या धर्मात' म्हटलं की समोरचा माणूस संकोचतो. त्या दुपारी मी मावशींना एवढंच म्हटलं, "मावशी, आमचं सोवळ्यातलं आहे. तवा आमचा, बाकी तुमचं." त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. हात साबणाने धुतले, रव्याची पिशवी कात्रीने नवी फोडली, आणि तव्याजवळची कोळंबीची परात स्वतःहून बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवली. "आमच्याकडेही नैवेद्याला असंच," म्हणाल्या. सोवळं आणि कश्रूत (कोशेरचे नियम) एक नव्हे, पण त्या ओट्यावर हा शब्द पुरेसा होता. ताटाऐवजी त्यांनी केळीचं पान दिलं, त्यामुळे भांड्यांचाही प्रश्न मिटला. पान न मिळाल्यास पत्रावळ.

सोलकढी मात्र मी नाकारली. नारळाचं दूध असल्याने दुधाची अडचण नव्हती, पण ती वाटलेल्या मिक्सरच्या भांड्यातच सकाळी जवळ्याची, म्हणजे बारीक कोळंबीची, चटणी झाली होती. त्याऐवजी शहाळी घेतली. भाकरीचा तवा वेगळा आहे का, हेही बसायच्या आधी विचारावं, जेवण वाढल्यावर नाही.

मांस नसल्याचा मुलांना एक फायदा झाला. मांसानंतर दुधासाठी थांबावं लागतं, मोठ्यांना अनेक घरांत सहा तास, लहानांना वयाप्रमाणे कमी. मासा खाल्ला की ती वाट नाही. आमच्याकडे एका पानात मासा आणि दूध नसतं, म्हणून पान उचलून, चूळ भरून, मग किनाऱ्यावर आइसक्रीम.

मंगळवारी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) खडकापाशी मलिदा, म्हणजे आमचा नवसाचा प्रसाद, केला. भिजवलेले पोहे, साखर, एक नारळ, वेलची, सुका मेवा आणि सोबत पाच फळं. चूल नाही, तवा नाही, कुणाला काही विचारणं नाही. मात्र ओल्या नारळामुळे तो उन्हात फार वेळ टिकत नाही, म्हणून सकाळी दहाला केलेला परतीच्या लाँचवर ठेवू नये. मुलांनी तो बाराच्या आत संपवला. तवा घरी येईपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, आणि कडेला तांबूस ठिपका पडलाच होता. पुढच्या वेळी तेलाचा हात दोनदा.