आमची वाटचाल : कमरेवरची फळी

जपानी युद्धकलांचे पोशाख शिवायच्या धंद्याचा विचार मनात धरून मी जपानला गेले नव्हते. नवऱ्याची बदली, तोक्योतलं निशिकासाई, आणि दिवसभर घरात मी एकटी. वॉर्डाच्या क्रीडासंकुलात क्युदोचा, म्हणजे जपानी धनुर्विद्येचा, नवशिक्यांसाठी वर्ग निघाला तेव्हा नाव घातलं. धनुष्य सव्वादोन मीटरच्या आसपास, माझ्यापेक्षा कितीतरी उंच; आणि धरायचं मधोमध नाही, खालून तिसऱ्या हिश्श्यावर.

पहिले काही आठवडे हातात नुसतं रबर ताणायचं खेळणं होतं. मग माकिवारा, म्हणजे पेंढ्याचा गच्च आवळलेला भारा. त्यावर दोन पावलांवरून बाण मारायचे. 28 मीटरवरचं 36 सेंटीमीटरचं लक्ष्य समोर यायला पाच महिने गेले. सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, फारसे बोलत नसत. 'असं का?' विचारलं की हसायचे आणि माझं कोपर बोटभर खाली दाबायचे. बघून शिकायचं, त्याला तिथे मितोरी-गेइको म्हणतात. प्रश्न विचारून मार्क मिळवलेल्या मला त्याचा संताप यायचा.

त्यात मला हायाके जडला. दोर पूर्ण ताणल्यावर थांबायचं असतं. त्या थांबण्याआधीच बाण सुटतो, तो हायाके. कळतं, तरी हात ऐकत नाही.

2016 साली पुण्याला परतलो. क्युदो सुटलं, हाकामा पेटीत गेला. हाकामा म्हणजे पुढे पाच आणि मागे दोन चुण्यांची घोळदार विजार. ओळखीतल्या एका ऐकिदोच्या, म्हणजे जपानी युद्धकलेच्या, वर्गाला बारा हाकामा हवे होते, जपानहून मागवणं परवडत नव्हतं. मी माझाच हाकामा उसवला, कागदावर बेतला आणि शेजारच्या शिंपीकाकांना घेऊन बसले.

बाराच्या बारा परत आले. क्युदोत बायकांच्या हाकामाला मागे कमरेवर कोशिइता नसते, ऐकिदोवाल्यांना ती लागतेच. कोशिइता म्हणजे कापडात मढवलेली ताठ फळी. माझ्या हाकामाला नव्हती, म्हणून कुणालाच नसेल असं मी गृहीत धरलं! वर सुती कापड न धुताच कापलेलं, त्यामुळे पहिल्या धुण्यात घोटे उघडे पडले. काका एवढंच म्हणाले, "ताई, आधी विचारायचं होतंत."

मग ऐकिदोच्या वर्गात महिनाभर नुसती भिंतीशी बसून पाहिलं. गुडघ्यांवर चालण्याचा सराव असतो, म्हणून विजारीला गुडघ्यावर दुहेरी कापड हवं. सुती चुण्या दर धुण्यानंतर बसवाव्या लागतात. पॉलिस्टर-रेयॉनच्या टिकतात, पण घाम कमी शोषतात. दोन्ही ठेवतो, गिऱ्हाइकानं ठरवावं. खरं सांगायचं तर हाकामावर पोट भरत नाही. बऱ्याच वर्गांत तो ठरावीक पायरी गाठल्यावरच मिळतो, आणि एक घेतला की वर्षानुवर्षं जातो. भाडं निघतं ते ज्युदो-कराटेच्या मुलांच्या गणवेशांवर, कारण मुलं उंच होतात.

आज कोथरूडच्या गाळ्यात चार मशिनं आहेत. नव्या बाईला आधी पंधरा दिवस जुन्या हाकामाच्या चुण्या घालून घडीच करायला देते. एक सोडून गेली, "मी शिवायला आले होते" म्हणाली. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

परवा एका वर्गाची तीस नगांची ऑर्डर आली आणि मी फोनवरच तारीख देऊन टाकली. काकांनी मशीन थांबवून चष्म्यावरून पाहिलं. "ताई, हायाके." मी परत फोन लावला आणि नमुना पाठवायला सांगितला.