दंड कोणाच्या खिशातून?

अमेरिकेत विवाहाचे परवाने देणं बंद करणाऱ्या अधिकारी किम डेव्हिस यांना दंड करा, तुरुंगात टाकू नका, अशी मागणी खुद्द त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या जोडप्यांनी केली होती. न्यायाधीश डेव्हिड बनिंग यांनी ती मानली नाही. दंड लावला तर पाठीराखे पैसे जमवून तो भरून टाकतील आणि परवाने द्या हा कोर्टाचा हुकूम होता तिथेच राहील, हे त्यांनी ओळखलं. 3 सप्टेंबर 2015 रोजी केंटकी राज्यातल्या ॲशलंडच्या कोर्टातून त्यांनी डेव्हिस यांना थेट कोठडीत पाठवलं. त्या प्रकरणावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच निर्णय. वर्गणी काढून दुसऱ्याचा दंड भरता येतो. दुसऱ्याच्या वाटची कोठडी मात्र कोणालाच भोगता येत नाही.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोरहेड हे केंटकीतल्या रोवन काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, मुख्य गाव. विवाहाचे परवाने देणाऱ्या काउंटी क्लार्कचं पद तिथे निवडणुकीने भरतात. डेव्हिस यांच्या आई त्या पदावर 37 वर्षं होत्या. डेव्हिस त्यांच्या हाताखाली डेप्युटी होत्या आणि जानेवारी 2015 पासून स्वतः त्या खुर्चीवर आल्या. 26 जून 2015 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला. डेव्हिस अपोस्टॉलिक पंथाच्या श्रद्धाळू ख्रिश्चन, त्यांच्या मनाला हे पटेना. त्यांनी कार्यालयातून सगळ्यांचेच परवाने देणं बंद केलं, म्हणजे भेदभाव केला असं कोणी म्हणू नये. चार जोडपी कोर्टात गेली, त्यातली दोन स्त्री-पुरुषांची होती. 12 ऑगस्टला बनिंग यांनी परवाने द्या असा हुकूम काढला, महिनाअखेरीस सुप्रीम कोर्टाने स्थगिती नाकारली, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीशी उभ्या राहिलेल्या जोडप्याने ‘कोणाच्या अधिकाराने?’ असं विचारल्यावर डेव्हिस यांनी देवाच्या अधिकाराने, असं उत्तर दिलं.

मी नोकरीतली बहुतेक वर्षं विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लिपिक म्हणून काढली, म्हणून या गोष्टीकडे मी खिडकीच्या आतल्या बाजूने बघते. आमच्याकडे विशेष विवाह कायदा 1954 खालची लग्नं होत. नोटिशीचा अर्ज, ती फळ्यावर लावणं, 30 दिवस थांबणं, मग तीन साक्षीदार आणि सह्या. आक्षेप कोणत्या कारणासाठी घेता येतो हे कायद्यात लिहिलेलं आहे: वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं वगैरे. मुलीच्या काकांना जावई दुसऱ्या धर्माचा चालत नाही, हे त्यात बसत नाही. तरीही काका येत, आवाज चढवत आणि साहेबांच्या केबिनमध्ये चहा पिऊन जात.

माझ्या एका साहेबांना अशी लग्नं मनापासून पाप वाटत. माणूस पैशाला स्वच्छ होता, देवभक्त होता, आणि त्यांच्या श्रद्धेवर मला कधी शंका आली नाही. पण ते कोणालाही ‘नाही’ म्हणत नसत. ‘पत्त्याचा पुरावा नीट नाही.’ ‘उद्या या.’ ‘सोमवारी बघू.’ एक जोडपं असं बरेचदा परत गेलं. शेवटी मी त्यांचा अर्ज आवक नोंदवहीत चढवला, क्रमांक टाकला, शिक्का मारून पोच दिली आणि म्हटलं, ‘साहेबांकडे लेखी नकार मागा.’ मुलगी आत गेली आणि तिने मागितला. फाइल त्याच आठवड्यात हलली. कागदावर सही करून नकार द्यायचा म्हणजे तो आपल्या नावावर घ्यावा लागतो. तेवढी तयारी साहेबांची नव्हती.

म्हणून डेव्हिस यांच्याबद्दल मला एका बाबतीत आदर आहे. त्यांनी नकार उघड दिला, कॅमेऱ्यांसमोर दिला आणि त्यासाठी पाच रात्री कोठडीत काढल्या. पण त्यांचं एक कृत्य मला माफ करता येत नाही. त्यांनी हाताखालच्या डेप्युटींनाही परवाने देऊ दिले नाहीत. परवान्यावर आपलं नाव छापलं जातं म्हणून मन खातं, हे मी समजू शकते. पण दुसऱ्याचा हात धरून ठेवायचा हक्क कुठून आला? कोर्टात सहा डेप्युटींना उभं करून विचारलं गेलं, तेव्हा पाच जण परवाने द्यायला तयार झाले. सहावा त्यांचा मुलगा होता. दुसऱ्याच दिवशी परवाने निघाले. त्या पाच जणांची मला फार काळजी वाटली होती. बाई आज ना उद्या परत येणार आणि यांना त्यांच्याच हाताखाली काम करायचं, ही धास्ती काय असते ते मला माहीत आहे.

बनिंग यांनी त्या दिवशी सांगितलं होतं की श्रद्धा मलाही आहेत, पण शपथ मीही घेतली आहे. त्यांना धर्मद्वेष्टा म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये की त्यांची नेमणूक धाकट्या बुश यांनी केलेली होती आणि त्यांचे वडील रिपब्लिकन सिनेटर होते.

आता पैशांचं. जोडप्यांच्या वकिलांचा खर्च सुमारे 2 लाख 24 हजार डॉलर झाला आणि 2017 मध्ये कोर्टाने तो केंटकी राज्यावर टाकला. म्हणजे हट्ट एकीचा आणि भरपाई करदात्यांची. त्या करदात्यांत परवाना नाकारलेली जोडपीही आली. दुसरा एक दावा मात्र वेगळ्या वाटेने गेला. 2019 मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की क्लार्क या पदाला राज्याचं संरक्षण आहे, पण व्यक्ती म्हणून डेव्हिस यांच्यावर दावा चालेल. सप्टेंबर 2023 मध्ये ज्यूरीने एका जोडप्यातल्या दोघांना प्रत्येकी 50 हजार डॉलर द्यायला सांगितलं. वर वकिलांचा खर्च सुमारे 2 लाख 60 हजार डॉलर. नोव्हेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने डेव्हिस यांचा अर्ज ऐकायलाच नकार दिला. दहा वर्षं लागली, पण हिशेब अखेर योग्य नावावर लागला.

आपल्याकडे? ऑक्टोबर 1994 मध्ये सुप्रीम कोर्टाने कल्याणसिंह यांना अवमानाबद्दल दोषी ठरवलं. अयोध्येतल्या 2.77 एकर जागेवर बांधकाम होऊ देऊ नका असा हुकूम असताना मुख्यमंत्री म्हणून त्यांनी जुलै 1992 मधलं चौथऱ्याचं काम थांबवलं नव्हतं. शिक्षा झाली एक दिवसाची कैद आणि 2000 रुपये दंड. पुढे ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, राज्यपालही झाले. एका दिवसाच्या कैदेने पुढच्या कोणत्या अधिकाऱ्याला जरब बसली असेल, हे मला खरंच दिसत नाही.

श्रद्धा सोडा असं मी कोणालाही म्हणणार नाही. मिसिसिपीतल्या ग्रेनाडा काउंटीच्या क्लार्क लिंडा बार्नेट यांनी समलिंगी विवाहाच्या निकालानंतर चारच दिवसांत, 30 जून 2015 ला, राजीनामा दिला. त्यांचं मत मला मान्य नाही, पण त्यांच्या राजीनाम्यापुढे मी मान झुकवते. केंटकीनेही पुढे 2016 मध्ये कायदा करून परवान्याच्या नमुन्यावरून क्लार्कच्या नावाची सक्ती काढून टाकली. अशी सोय मागून घेता येते, फक्त तोवर खिडकी उघडी ठेवावी लागते.

महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याखाली अधिसूचित झालेली सेवा पुरेशा कारणाशिवाय न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्ती होते, आणि ती त्याने स्वतः भरायची असते. रक्कम छोटी आहे, मला ती मोठी हवी आहे. विशेष विवाह कायद्यात अपीलही आहे: आक्षेप मान्य करून अधिकाऱ्याने लग्न लावायला नकार दिला, तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात जाता येतं. पण हे सगळं नकार कागदावर असला तर. तेव्हा तुमच्या ओळखीत कोणाला आज ‘उद्या या’ सांगत असतील, तर त्यांना सांगा की अर्ज आवक करून घ्या, पोच घ्या, आणि नकार अधिकाऱ्याच्या सहीने, नाव आणि हुद्द्यासकट मागा.