तुम्ही विचारलंत म्हणून : बँकेतल्या बाईला इकॉनॉमेट्रिक्स कशाला?

बँकेतले सहकारी विचारतात, लग्नकार्यात भेटलेली मामे-मावस भावंडं विचारतात, मुलाच्या मित्रांचे आईवडील तर हटकून विचारतात : “बरी नोकरी आहे, घर आहे, मग रात्री जागून अप्लाइड स्टॅटिस्टिक्स नि इकॉनॉमेट्रिक्स शिकायचं खूळ कशाला? आणि ते ऑनलाइन शिकून येतं का?” उभ्याउभ्या मी “वेळ बरा जातो हो” म्हणून सुटते. पण विचारणाऱ्यांत एखादा असा असतो, की त्याला माझ्यापेक्षा स्वतःचीच चौकशी करायची असते : आपल्याला जमेल का? त्याच्यासाठी हे जरा सविस्तर. इकॉनॉमेट्रिक्स म्हणजे कशामुळे काय होतं हे आर्थिक व्यवहारांच्या आकडेवारीतून, संख्याशास्त्राच्या मदतीने शोधणं.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. येतं. मात्र व्हिडिओ बघून येत नाही. व्हिडिओत प्राध्यापक समीकरण मांडतात, आपण मान डोलावतो, वेग दीडपट करतो आणि तासाभरात सगळं कळल्यासारखं वाटतं. मग प्रॉब्लेम सेट उघडावा. त्यात विचारलेलं असतं : अमुक गृहीतक काढून टाकलं तर हा अंदाज कुठल्या बाजूला चुकेल, सिद्ध करा. कागद कोरा. अभ्यास खरा तिथून सुरू होतो. डिचोलीहून ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, दिवसाच्या वर्गांना बसता आलं असतं तरी हा कोरा कागद काही चुकला नसता. कर्जविभागातल्या माणसाला दिवसा वर्ग जमत नाहीत, म्हणून मी एका परदेशी विद्यापीठाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम धरला, इतकंच.

एका बाबतीत तर घरचा लॅपटॉप वर्गातल्या फळ्याला भारी पडतो. ‘आर’ ही संगणकप्रणाली फुकट मिळते. तिच्यात खोटी आकडेवारी आपणच तयार करायची, म्हणजे खरं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असतं, आणि मग आपली पद्धत ते शोधून काढते का हे बघायचं. समजा, नाणं उडवायचं : छापा आला की एक पाऊल वर, काटा आला की एक खाली. अशा दोन मालिका करा, एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. आता एकीवर दुसरीचं रिग्रेशन चालवा, म्हणजे एकीच्या आकड्यांवरून दुसरीचे आकडे सांगणारी रेघ काढा. नेहमीच्या कसोट्या बहुतेक वेळा छातीठोकपणे सांगतील की संबंध आहे, नि चांगला घट्ट आहे. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अभ्यासकांनी १९७४ साली हे दाखवून दिलं होतं. वाचून ते खरं वाटत नाही. आपल्याच पडद्यावर हजारदा घडताना बघितलं, की मग ‘गोव्यात गाड्या वाढल्या तशा बँकेच्या ठेवीही वाढल्या’ असा आलेख मीटिंगमध्ये दिसला रे दिसला, की हात आपोआप वर जातो. यामुळे लोकप्रियता वाढत नाही, हेही सांगून ठेवते.

बाकी तयारी म्हणाल तर बारावीचं कॅल्क्युलस, मॅट्रिक्स आणि संभाव्यता धड यायला हवी. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून व्याख्यानं आधीच उतरवून ठेवावीत. परीक्षा कॅमेऱ्यासमोर असते, त्यामुळे त्या दिवशी खोलीला आतून कडी. बाहेरून सासूबाई “जेवलीस तरी का गो?” म्हणून विचारत राहिल्या तरी हूं की चूं करायचं नाही.

आता ‘कशाला’.

रिग्रेशनमध्ये ठिपक्यांमधून रेघ काढायची जी रीत वापरतात, ती लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ साली छापली, तीही धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी. धूमकेतू बरा. आपण मोजतो म्हणून तो वाट बदलत नाही. बाजाराचं तसं नाही. तिथे भाव मालाला हलवतो आणि माल भावाला, दोन्ही एकाच वेळी. म्हापशाच्या किंवा डिचोलीच्या बाजारात वर्षभर रोज बांगड्याचा भाव नि खप लिहून काढलात आणि ठिपक्यांमधून रेघ ओढलीत, तर ती रेघ कसली? गिऱ्हाइकाच्या मागणीची की कोळ्याच्या पुरवठ्याची? कुणाचीच नाही. १९२७ साली वर्किंग नावाच्या अर्थतज्ज्ञाने नेमका हाच प्रश्न मांडला होता.

आपल्याकडचा ऑगस्ट महिना घ्या. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. ती उठली की ट्रॉलर बाहेर पडतात, मासळी येऊ लागते. त्याच सुमाराला श्रावण. निम्मा बाजार मासे सोडतो, मग पाठोपाठ चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मग बांगडा स्वस्त झाला तो कशाने? माल वाढला म्हणून की खाणारे घटले म्हणून? दोन्ही एकदम झालं असेल तर नुसत्या भावाच्या आकड्यातून हे सोडवता येत नाही, संगणक कितीही मोठा आणा.

सोडवायची युक्ती १९२८ सालची आहे. फिलिप राइट या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने प्राणिज आणि वनस्पतिज तेलांवरच्या आयातकराबद्दल एक पुस्तक लिहिलं, त्याच्या परिशिष्टात ती आहे. असं काहीतरी शोधा, जे फक्त पुरवठ्याला धक्का देईल आणि गिऱ्हाइकाच्या मनाला शिवणार नाही. त्या धक्क्यापुरता जो भाव हलला, त्यावरून मागणी वाचा. याला इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणतात. आमच्या अभ्यासात याचं उदाहरण आलं ते न्यूयॉर्कच्या फुल्टन मासळीबाजाराचं. कॅथरिन ग्रॅडी यांनी तिथे व्हाइटिंग या माशाचे १११ दिवसांचे व्यवहार नोंदले होते, आणि धक्का होता समुद्रातलं वादळी हवामान : लाटांची उंची नि वाऱ्याचा वेग. समुद्र खवळला की मासा कमी येतो, पण जेवणाऱ्याची भूक काही लाटांवर अवलंबून नसते.

हे वाचलं त्या आठवड्यात मासे आणायला गेले, तर आमच्या नेहमीच्या मासेवालीने मी काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं, “बाय, दर्या खवळ्ळा, बोटी भायर सरूंक नात.” वाटा कालच्याएवढाच, भाव वर. इन्स्ट्रुमेंट टोपलीशेजारीच बसलं होतं.

पण ते जसंच्या तसं गोव्याला लावायला मी तयार नाही, आणि या विषयातली मजा माझ्या मते इथेच आहे. फुल्टनला विकत घेणारे व्यापारी होते, ते वादळातही येत. आमच्याकडे समुद्र खवळतो तेव्हा बहुतेकदा वर धो धो पाऊसही असतो, आणि अशा दिवशी छत्री घेऊन मासे आणायला कोण बाहेर पडतो? घरात सुकी मासळी असतेच. म्हणजे वादळ पुरवठ्याबरोबर मागणीलाही हात घालतं, आणि युक्तीचा पायाच ढासळतो. शिवाय बाजारातली सगळी मासळी आपल्याच समुद्रातली नसते, कारवार-मालवणकडून गाड्या येतात. मग करायचं काय? आभाळ स्वच्छ आहे, पण वारा सुटल्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या आहेत, असे दिवस वेगळे काढायचे. असे दिवस थोडेच. थोडे तर थोडे. त्यांच्यावर काढलेला अंदाज ढोबळ येईल, पण तो कशाचा अंदाज आहे ते तरी छातीवर हात ठेवून सांगता येईल.

“मासळीचं ठीक आहे, पण बँकेत याचा काय उपयोग?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. लोहखनिजाच्या खाणींवर जगणाऱ्या डिचोलीत राहून तो विचारावा लागू नये खरं तर. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्याने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही खाणकामाला स्थगिती दिली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठली. फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लीजांचं नूतनीकरण त्याच न्यायालयाने रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद. खनिजाचे ट्रक दारात उभे राहिले, मांडवीतल्या बार्जेस नांगर टाकून बसल्या. ज्यांनी ट्रक कर्जाने घेतले होते, त्यांचे हप्ते एकदम थकले.

आता समजा, अशी चारशे ट्रककर्जं एका फाइलीत आहेत आणि आपण वय, उत्पन्न, तारण, जामीनदार असे रकाने टाकून कोण बुडवणार याचं गणित मांडतो. नेहमीचं रिग्रेशन त्यांना चारशे स्वतंत्र साक्षीदार मानतं. ते तसे नाहीत. आठ गावांतले ट्रक असतील आणि एका गावातले सगळे एकाच खाणीवर धावत असतील, तर एकाचा हप्ता थांबला की सगळ्यांचा थांबतो. साक्षीदार चारशे दिसले तरी साक्षी आठच्याच आसपास. हे न बघता काढलेले स्टँडर्ड एरर (अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप) फसवे लहान येतात आणि अहवालात सगळं कसं ठाम दिसतं. उपाय म्हणून गावागणिक गट करून, म्हणजे क्लस्टर करून, एरर काढतात. गट आठच असतील तर तोही उपाय लंगडा पडतो. त्या फाइलीत जामीनदारही बहुधा ट्रकवालाच असतो, त्याबद्दल काय बोलायचं!

खाणबंदीने गोव्याचं किती नुकसान झालं, हे मोजायची दुसरीही एक रीत शिकवतात. अमेरिकेत न्यूजर्सीने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ वर नेलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नेलं नाही. कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या फास्ट फूड दुकानांतल्या नोकऱ्यांची आधीची नि नंतरची तुलना करून १९९४ मध्ये निबंध लिहिला. वेतन वाढल्याने नोकऱ्या घटल्याचं त्यांना दिसलं नाही, आणि त्यावर खूप वाद झाला. कार्ड यांना पुढे २०२१ चं नोबेल मिळालं. त्याच चालीवर डिचोली, सत्तरी, सांगे एकीकडे आणि पेडणे, काणकोण दुसरीकडे ठेवता येईल, असं पटकन वाटतं. पण गोवा केवढासा! डिचोलीचा ट्रकवाला खरेदीला म्हापशाला जातो, त्याचा मेव्हणा पेडण्यात हार्डवेअरचं दुकान चालवतो. ज्याला ‘बंदीची झळ न लागलेला’ म्हणून शेजारी उभं करायचं, त्यालाही ती लागलेलीच असते. त्यामुळे येणारा फरक खऱ्या नुकसानापेक्षा कमीच भरेल, निदान इतकं तरी म्हणता येतं.

आणखी एक गोष्ट बँकेत रोज समोर असते : ज्यांना कर्ज नाकारलं, त्यांनी ते फेडलं असतं की नाही हे कुठल्याच वहीत नसतं. आपले सगळे निष्कर्ष आपणच निवडलेल्या लोकांवरून काढलेले. हेकमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७९ मध्ये अशा निवडीच्या प्रश्नावर एक तोड सुचवली. तीही स्वतःची गृहीतकं घेऊनच येते.

तर पदवी घेऊन पगार वाढेल का? आमच्याकडे नाही वाढणार. परवा साहेबांनी विचारलं, “एवढं शिकलात, मग सांगा, ट्रकला कर्ज द्यावं की न द्यावं?” न्यायालय पुढे काय ठरवेल हे कुठल्याही रिग्रेशनमधून येत नाही, असं मी सांगितलं आणि त्यांचा चेहरा पडला. मग एक मागणी केली, ती मात्र मान्य झाली. ट्रककर्जाच्या अर्जात आता एक रकाना वाढला आहे : गाडी कोणाच्या कामावर लागणार, आणि त्याच कामावर आपल्या शाखेच्या कर्जातल्या आणखी किती गाड्या आहेत. तो भरताना काउंटरवरची मुलं कुरकुरतात, कारण पहिला भाग अर्जदाराला विचारून होतो, पण दुसऱ्यासाठी जुन्या फाइली काढून बसावं लागतं.