आमची वाटचाल: हरिश्चंद्रगडाच्या गुहेतून कोंकॉर्डिया हटपर्यंत

आमची सुरुवात सह्याद्रीतल्या शनिवार-रविवारच्या ट्रेकपासून झाली. मुक्काम हरिश्चंद्रगडाच्या गुहेत, राजगडावर पद्मावतीच्या देवळात, नाहीतर पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर. पुढे हिमालय आला, त्याबरोबर तंबू आले. आल्प्सला जायचं ठरलं तेव्हा मात्र तंबू घरीच राहिले. तिथे डोंगरात राहायचं ते हटमध्ये, म्हणजे गिर्यारोहकांसाठी डोंगरात बांधलेल्या मुक्कामाच्या घरात.

स्विस आल्पाइन क्लब १८६३ साली स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्यांनी ट्योडी शिखराजवळ पहिली हट उभारली. आज त्यांच्या सुमारे दीडशे हट आहेत. आम्ही त्यातली कोंकॉर्डिया निवडली आणि ती आम्हाला कायमची चिकटली.

आपल्याकडची असंख्य मंडळी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख या खिंडीत जातात. १९१२ साली सुरू झालेल्या रेल्वेने ३४५४ मीटरवर पोचायचं, गच्चीवरून फोटो काढायचे, परत फिरायचं. त्या गच्चीवरून जो बर्फाचा पट्टा लांबवर जाताना दिसतो, तो आलेच हिमनदीचा, आल्प्समधली सगळ्यात मोठी हिमनदी. आमचा ट्रेक तिथूनच सुरू होतो. बर्फाखाली भेगा दडलेल्या असतात, म्हणून स्थानिक गाइड सगळ्यांना एका दोराला बांधतो. गाइडशिवाय आम्ही कुणालाही नेत नाही, कितीही अनुभवी असला तरी. वाटेत बर्फाचे मोठाले प्रवाह एकमेकांना मिळतात, तिथे पायाखाली शेकडो मीटर जाडीचा बर्फ असतो. त्या संगमावरच्या कड्यावर, २८५० मीटरवर, हट आहे.

पण पोचलो असं वाटतं तेव्हाच खरी चढाई सुरू होते. १८७७ मध्ये इथे पहिली हट बांधली तेव्हा ती हिमनदीपासून सुमारे ५० मीटर वर होती. हट जागची हलली नाही, बर्फ खाली गेला. आता कड्याला लोखंडी जिने ठोकलेत, साडेचारशेहून जास्त पायऱ्या, आणि बर्फ उतरेल तसे खालच्या बाजूला नवे टप्पे जोडावे लागतात. हवामानबदलावर आम्ही गटाला भाषण देत नाही. वर जाताना गाइड एकेका उंचीवर हात दाखवून सांगतो, अमुक काळी बर्फ इथवर होता. चढताना सगळे गप्प होतात, ते फक्त दमल्यामुळे नाही.

हटचे नियम आम्हाला मनापासून पटतात. बूट दाराशी काढायचे, आतल्या सपाता घालायच्या. सगळ्यांनी एका सामाईक खोलीत ओळीने झोपायचं. वहीत नाव आणि उद्याची वाट लिहायची, म्हणजे कुणी पोचलं नाही तर शोध कुठे घ्यायचा ते कळतं. रखवालदार नसतो त्या दिवसांतही एक खोली उघडी ठेवलेली असते. सामान हेलिकॉप्टरने येतं, म्हणून पाण्याची बाटलीसुद्धा महाग पडते आणि तक्रार करायचं कारण नाही. शाकाहारी जेवण आधी कळवलं की मिळतं. आम्ही नावनोंदणीच्या वेळीच विचारतो.

स्वतंत्र खोली हवी असणाऱ्यांना आम्ही हा ट्रेक सुचवत नाही. त्यांच्यासाठी खाली दरीत चांगली हॉटेलं आहेत. गट मात्र लहानच ठेवतो, एका गाइडच्या दोरावर मावतील एवढाच.