‘अंधाधुन’: डोळा आणि कान (न्वार वही, नोंद सहावी)

हिंदी न्वार चित्रपट (म्हणजे गुन्हा आणि फसवणूक यांच्या काळोख्या कथा) क्रमाने पाहून त्यांची वही ठेवण्याचा जो उपक्रम मी यंदा हाती घेतला आहे, त्यातील ही सहावी नोंद. ‘बाझी’ (१९५१) आणि ‘सी.आय.डी.’ (१९५६) यांच्यापासून निघून श्रीराम राघवन यांच्या ‘एक हसीना थी’ (२००४) आणि ‘जॉनी गद्दार’ (२००७) या चित्रपटांपर्यंत पोचल्यावर त्यांचाच ‘अंधाधुन’ (२०१८) येणे ओघानेच आले. मागील नोंदीच्या शेवटी मी घाईने लिहून टाकले होते की, ‘अंधाधुन’चा पूर्वार्ध उत्तम असून उत्तरार्ध योगायोगांमुळे ढासळतो. हे मत अनेकांचे असते आणि माझेही होते. ते तपासून पाहावे म्हणून गेल्या तीन आठवड्यांत हा चित्रपट मी तीन प्रकारे पाहिला आणि आता ते मत दुरुस्त करावे लागत आहे. उत्तरार्ध ढासळतो हे खरे. त्याचे जे कारण मी दिले होते ते मात्र चुकीचे होते. पुढे शेवटासकट सर्व कथानक येणार आहे, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी तो आधी पाहून घ्यावा, ही विनंती.

पहिली बैठक नेहमीसारखी झाली. दुसऱ्या बैठकीत आवाज पूर्णपणे बंद ठेवला. तिसऱ्या बैठकीत लॅपटॉपच्या पडद्यावर टॉवेल टाकून केवळ ऐकायचे ठरवले आणि त्यासाठी माझ्या धाकट्या बहिणीला शेजारी बसवले, कारण तिने हा चित्रपट मुळीच पाहिलेला नव्हता आणि माझ्या कानांना सर्व काही आधीच ठाऊक होते. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून ‘डोळा’ आणि ‘कान’ असे दोन रकाने केले. प्रेक्षकाला एखादी नवी गोष्ट कळली की ती कोणत्या वाटेने कळली, हे पाहून तिची नोंद त्या त्या रकान्यात करायची, एवढाच नियम होता. एका आंधळेपणाच्या गोष्टीसाठी ही पद्धत सुचायला मला इतका उशीर का लागला, हे मला अजून उमगलेले नाही.

कथानकाची मांडणी थोडक्यात अशी. पुण्यात राहणारा आकाश (आयुष्मान खुराना) हा पियानोवादक आपल्या कलेच्या एकाग्रतेसाठी अंध असल्याचे सोंग घेतो आणि त्यासाठी डोळ्यांत खास भिंगे बसवतो. सत्तरच्या दशकातील एक मावळलेला नट, प्रमोद सिन्हा, लग्नाच्या वाढदिवशी आपली तरुण पत्नी सिमी (तब्बू) हिला चकित करावे म्हणून आकाशला घरी वाजवायला बोलावतो. आकाश पोचतो तेव्हा प्रमोदचा खून होऊन गेलेला असतो आणि सिमीचा प्रियकर मनोहर (मानव विज) घरातच दडलेला असतो. शेजारीण दारात उभी असल्यामुळे सिमीला ‘आंधळ्या’ वादकाला आत घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

यानंतरचा पियानोचा प्रसंग हा माझ्या मते गेल्या दोन दशकांतील हिंदी रहस्यपटांचा सर्वोत्तम तुकडा आहे आणि वहीची चार पाने त्याच्यासाठी खर्ची पडली आहेत. वाजवता वाजवता आकाशला जमिनीवर पडलेला प्रमोद दिसतो. तो स्नानगृहात जाण्यासाठी उठतो, तर तेथे मनोहर पिस्तूल घेऊन उभा. आपण पाहिले आहे हे आकाशला दाखवता येत नाही, म्हणून तो काठी टेकत परत येतो आणि पुन्हा वाजवू लागतो. आता त्याच्या डोळ्यांदेखत सिमी आणि मनोहर एकमेकांना हातवारे करतात, रक्त पुसतात, प्रेत सूटकेसमध्ये भरतात, आणि हे सगळे ते निःशब्दपणे करतात, कारण या माणसाला फक्त कान आहेत अशी त्यांची खात्री आहे. आवाज बंद करून पाहिले तेव्हा हा प्रसंग अक्षरशः मूकपटासारखा उलगडला; एकही दुवा निसटला नाही. त्याउलट, टॉवेलाखालच्या बैठकीत मी येथे थांबून बहिणीला विचारले की काय चालले आहे, तेव्हा ती म्हणाली, “दादा, तो पियानो वाजवतोय आणि ती बाई घरातली कामं करतेय.” वहीत या प्रसंगाचा ‘डोळा’ रकाना काठोकाठ भरला आहे आणि ‘कान’ रकान्यात एकच शब्द आहे: पियानो.

या चित्रपटाचे खरे बळ येथे आहे. डोळ्याला खून दिसतो, कानाला मैफल ऐकू येते आणि त्या दोहोंच्या मधोमध एक माणूस बसला आहे, ज्याच्या बोटांनी चूक केली तर त्याचा जीव जाईल. भीती वाढवण्यासाठी वेगळे पार्श्वसंगीत येथे लागतच नाही, कारण जे संगीत आपण ऐकतो ते त्याच खोलीत, त्याच माणसाच्या हातून वाजते आहे. खुराना यांनी या भूमिकेसाठी पियानोचे शिक्षण घेतले होते, त्यामुळे चेहरा आणि बोटे एकाच चौकटीत ठेवणे दिग्दर्शकाला शक्य झाले. बोटे एकाची आणि चेहरा दुसऱ्याचा असता तर या प्रसंगाचा श्वासच तुटला असता. पूजा लढा सुरती या चित्रपटाच्या संकलक आहेत, तशाच सहलेखिकाही आहेत, आणि कोणता तुकडा किती क्षण धरायचा याचा विचार येथे लिहितानाच झालेला असावा असे वाटत राहते.

न्वार म्हटले की आपल्यापुढे ओले रस्ते, पट्टीदार सावल्या आणि सिगारेटचा धूर उभा राहतो. ‘अंधाधुन’मधील हा प्रसंग भरदिवसा, एका प्रशस्त फ्लॅटमध्ये घडतो आणि के. यू. मोहनन यांचे छायालेखन तो लख्ख उजेडात ठेवते. अंधार खोलीत नाही. तो आकाशच्या भिंगांमध्ये आहे आणि ती भिंगेही खोटी आहेत. ज्या शैलीचा सारा डोलारा सावलीवर उभा राहिला, ती शैली पुण्याच्या निवांत दुपारी आणून बसवणे आणि तरीही तिचा गाभा न सोडणे, हे धाडस मला फार मोलाचे वाटते. राघवन हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. या शहराच्या शेजारधर्मातील चौकसपणा त्यांनी कथेत जो वापरला आहे, तो बाहेरून आलेल्या माणसाला सुचला नसता. शेजारीण दारात उभी नसती तर ही गोष्टच घडली नसती.

तब्बूविषयी दोन वाक्यांत लिहिणे अन्यायाचे होईल, तरीही या नोंदीपुरते एवढेच लिहितो की, सिमी ही न्वारमधील मोहिनी असूनही तिच्यात मोहिनीचा ठसकेबाजपणा जवळजवळ नाही. ती स्वयंपाकघरात खेकडे रांधते, ती नवऱ्याशी लाडाने बोलते आणि संकट आले की पुढचे पाऊल ती सुचेल तसे टाकते. शेजारणीला इमारतीवरून ढकलून देण्याचा निर्णय तिच्या चेहऱ्यावर ज्या वेगाने उमटतो आणि विरतो, तो आवाज बंद असताना अधिकच अंगावर येतो. अनिल धवन यांना प्रमोदच्या भूमिकेत घेऊन त्यांच्याच सत्तरच्या दशकातील चित्रपटांची गाणी वापरणे, ही गोष्ट मला केवळ गंमत वाटली नाही. चित्रपट ‘छायागीत’ आणि ‘चित्रहार’ या दूरदर्शनवरील कार्यक्रमांना अर्पण केलेला आहे आणि प्रमोद हे त्या अर्पणपत्रिकेचे हाडामांसाचे रूप आहे.

आता उण्या बाजूकडे वळतो. सिमी विषप्रयोग करून आकाशची दृष्टी खरोखर घालवते, त्या क्षणानंतर माझ्या वहीचे रूप पालटले. तोवर ‘डोळा’ रकाना वाहत होता आणि ‘कान’ रकाना मोकळा होता. तेथून पुढे ‘कान’ भरत गेला आणि ‘डोळा’ ओस पडला. टॉवेलाखाली बसलेल्या बहिणीला पियानोच्या प्रसंगात काहीच कळले नव्हते, परंतु डॉ. स्वामी, रिक्षावाला मुरली आणि सखू यांच्या अवयवविक्रीच्या साऱ्या भानगडी तिने न अडखळता समजून घेतल्या. कोण कोणाला फसवतो आहे, पैसे किती मागायचे, यकृत कोणाला विकायचे, हे सर्व पात्रे एकमेकांना बोलून सांगतात. हे श्राव्यनाट्य म्हणून उत्तम चालले असते. छाया कदम आणि झाकीर हुसेन यांनी ते चालवलेही आहे, आणि दोघांचे काम मला मनापासून आवडते. तथापि ज्या चित्रपटाने आपल्याला निःशब्द पाहायला शिकवले, त्याने मध्येच बोलके होणे ही मला मोठी घसरण वाटते.

असे का झाले असावे, याचा मी बराच विचार केला. पूर्वार्धाचे इंजिन एकाच गोष्टीवर चालते: आकाशला दिसते आणि ते त्याला लपवायचे आहे. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलेल्या आकाशपुढे मनोहरच अधिकारी म्हणून उभा राहतो, तेव्हा तक्रार जागच्या जागी बदलण्याची जी कसरत त्याला करावी लागते, ती याच इंजिनाची ताकद. तो खरोखर आंधळा झाला की लपवण्यासारखे काही उरत नाही. पूर्वी आपण त्याच्याबरोबर पाहत होतो, आता आपण त्याच्याहून अधिक पाहतो, आणि गुपितातील आपला वाटा संपतो. येथे एक वाट उपलब्ध होती, आणि ती घेतली नाही याची मला खंत वाटते. नुकत्याच आंधळ्या झालेल्या एका वादकाचा कान हे किती विलक्षण साधन ठरले असते! पावलांचे, किल्ल्यांचे, श्वासांचे आवाज घेऊन पूर्वार्धाचा आरसा उभा करता आला असता: पूर्वी डोळ्याला सगळे आणि कानाला काहीच नाही, तसे आता कानाला सगळे आणि डोळ्याला काहीच नाही. त्याऐवजी पटकथा नवी पात्रे आणते.

ज्या फ्रेंच लघुपटावरून ही कथा घेतली आहे, त्या ऑलिव्हिए त्रेनेर यांच्या ‘लाकॉर्दर’ला (२०१०) हा प्रश्न पडलाच नाही. तेथील आंधळ्याचे सोंग घेतलेला पियानो-दुरुस्तीवाला वाजवत बसतो, मृत्यू पाठीशी उभा असतो आणि चित्रपट तेथेच संपतो. पंधरा मिनिटांच्या आत ते शोभते. दोन तासांहून मोठ्या चित्रपटाला त्या क्षणापुढे जावेच लागते, आणि रूपांतरित पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या या संहितेतील खरी अडचण मला त्या सांध्यात दिसते. योगायोगांना मी आता दोष देत नाही. शेजारीण ऐन वेळी दारात असणे हाही योगायोगच होता आणि तो आपण आनंदाने स्वीकारला. जो योगायोग दृश्यातून येतो तो पचतो, बोलण्यातून आलेला घशात अडकतो. मनोहरचा लिफ्टमधील अपघाती अंत मला याच कारणासाठी तोकडा वाटतो. ज्याच्या भीतीवर एवढा वेळ चित्रपट उभा होता, तो माणूस कथेतून जणू खोडून टाकला जातो.

आकाशची प्रेयसी सोफी हिचे पात्र ही दुसरी उणीव. राधिका आपटे यांच्यासारखी अभिनेत्री हाती असताना तिच्यासाठी खोटे ऐकून घेणे आणि दुखावणे याखेरीज फारसे काही ठेवलेले नाही. दुसऱ्या बैठकीत आवाजाशिवाय पाहताना तिचा चेहरा संवादांपेक्षा कितीतरी अधिक बोलत होता, म्हणून हा तोटा जास्त टोचला.

अनेक रसिक उत्तरार्धाची बाजू अशी घेतात की, ही सारी कहाणी आकाशने दोन वर्षांनी क्राकोव्हमध्ये सोफीला सांगितलेली आहे, तो खोटारडा आहे, तेव्हा तिच्यातील विसंगती हीदेखील युक्तीच होय. हा बचाव मला अर्धाच मान्य आहे. चित्रपट मोटारीतून थेट युरोपात उडी घेतो आणि त्यानंतर जे सांगितले जाते (सिमीचे निसटणे, सशाची उडी, अपघात) तेवढ्यावर संशय घेण्यास प्रेक्षकाला उघड आमंत्रण आहे. त्याआधीच्या अपहरणावर आणि खंडणीवर तसा संशय घ्यावा अशी एकही खूण मला तिन्ही बैठकींत सापडली नाही. कोणाला सापडली असल्यास प्रसंगासह कळवावे. मी पुन्हा पाहीन.

शेवटच्या दृश्यासाठी मात्र टॉवेल काढण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला. आकाश सोफीचा निरोप घेतो आणि चालू लागतो. बहीण म्हणाली, “कुणीतरी डबा उडवला.” मग मी टॉवेल बाजूला केला, तेवढा तुकडा मागे नेला आणि तिला दाखवला: ती काठी, तिच्या मुठीवरचे सशाचे डोके, रस्त्यात पडलेला पत्र्याचा डबा आणि त्याला नेमका बसलेला फटका. ती काही वेळ बोललीच नाही. मी वही ओढली आणि कितीतरी पानांनंतर ‘डोळा’ रकान्यात पुन्हा एक ओळ लिहिली.