आडव्या रेघेविना ए

इंग्रजी ए काढताना मी मधली आडवी रेघ देत नाही. टी काढतो तो आडवी रेघ ओढून तिच्या उजव्या टोकापासून सरळ खाली. हे वळण २००१ साली हाताला लागलं. तेव्हा मी सातारा-कराड पट्ट्यात एमआर होतो आणि अमेरिकेतल्या मामेभावानं मला पाम एम १०० आणून दिला होता, खिशात मावणारा, काडीसारख्या पेननं स्क्रीनवर लिहायचा छोटा कॉम्प्युटर. कुठल्या डॉक्टरांना कोणती सॅम्पल हवीत, ते दवाखान्याच्या पायरीवर उभ्या उभ्या त्यावर टिपायचो. मराठीच, पण रोमन अक्षरांत.

पामवर लिहायच्या त्या लिपीचं नाव ग्राफिटी. जवळजवळ प्रत्येक अक्षर एका दमात, काडी न उचलता काढायचं, तेही स्क्रीनखालच्या एकाच चौकोनात, एकावर एक. दोन दिवसांत जमली. वडिलांना दाखवलं तर म्हणाले, "अरे, ही तर मोडीची तऱ्हा. तुझे आजोबा असाच हात न उचलता लिहायचे."

हे पाम कंपनी काढणाऱ्या जेफ हॉकिन्सचं डोकं. १९८९ मध्ये त्यानं ग्रिडपॅड नावाचा कॉम्प्युटर केला, काडीनं चालणारा, पण वजन दोन किलो. १९९३ मध्ये ॲपलचा तसाच, हातात धरायचा न्यूटन आला, ६९९ डॉलरला. तो ज्याचं त्याचं अक्षर वाचायला बघायचा आणि शब्दच्या शब्द चुकायचा. हॉकिन्सनं ओझं माणसाकडे दिलं: थोडी अक्षरं तुम्ही बदला, यंत्र चुकणार नाही. मला हा निर्णय आजही फार मोठा वाटतो. यंत्र बनवण्याआधी तो खिशाच्या मापाचा लाकडी ठोकळा घेऊन हिंडायचा आणि कुणी भेटीची वेळ मागितली की त्यावर लिहिल्यासारखं करायचा. त्यातून १९९६ चा पायलट आला, पामचं पहिलं यंत्र: २९९ डॉलर, १२८ केबी मेमरी, रिमोटचे दोन बारीक सेल.

त्या सेलनीच मला एकदा रडवलं. माझ्या एम १०० ची मेमरीही सेलवरच जगायची. फलटणच्या लॉजवर सेल बदलायचा कंटाळा केला आणि सकाळी सगळं कोरं. घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेलं रविवारपर्यंतचंच होतं, त्यानंतरचे चार दिवस गेले. रात्री वही घेऊन आठवेल ते लिहायला बसलो. पानभर लिहून झाल्यावर पाहिलं, तर एकाही ए ला आडवी रेघ नव्हती.